मिनिटाला अकरा लहरी

त्रिशला मगदूमच्या डाव्या पायात पहिली लहर आली ती एका मंगळवारी सकाळी, मोरीपाशी उभी राहून ती दात घासत असताना. घोट्याच्या आतल्या बाजूला काहीतरी हललं. पाण्याने भरलेल्या पिशवीला कोणी खालून हळूच तळहात लावावा, तसं. ते वर सरकलं, पोटरीतून गुडघ्यामागे गेलं आणि मांडीत विरून गेलं. तिने ब्रश तोंडात तसाच धरून आकडे मोजले. पाच म्हणेपर्यंत पुन्हा आलं. मग पुन्हा.

"अहो," तिने हाक मारली, "चालू झालं वाटतं."

भरतेश चहाचा कप खाली ठेवून बाहेर आला. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचा त्याचा धंदा. चालत्या मोटारीच्या अंगावर हात ठेवून आत काय चाललंय ते ओळखायची त्याला सवय होती. तो उकिडवा बसला, बायकोच्या पोटरीवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

"चालू हाय," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. हात मात्र त्याने लगेच काढला नाही.

त्रिशला चव्वेचाळीस वर्षांची होती. त्यातली एकवीस वर्षं इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत, सूत कातणाऱ्या लांबलचक यंत्रांसमोर उभ्याने गेली होती. तुटलेला धागा जोडणारे यंत्रांचे हात बाजारात येऊन बराच काळ लोटला होता. पण ही गिरणी कापसात केळीच्या खोडाचा तंतू मिसळून सूत काढायची, आणि हा धागा कुठे कसा तुटेल याचा नेम नसे. तिथे माणसाचीच बोटं लागत. त्रिशलाची बोटं खात्यात सगळ्यांत हलकी होती. पाय मात्र पस्तिशीतच फुगले. आधी निळ्या-जांभळ्या दोऱ्या वर आल्या, मग त्या दोऱ्यांच्या गाठी झाल्या, मग घोट्याभोवतीची कातडी काळवंडली. शेवटी आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम झाली. तीन वर्षं ती कधी सुकायची, कधी ओली व्हायची, पण भरली नाही.

मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायची रीत. जेवण झालं की त्रिशला ओसरीच्या कट्ट्यावर पाय पसरून बसायची आणि भरतेश जखम धुऊन पायाला पट्टी बांधायचा, बोटांपासून गुडघ्यापर्यंत, एकसारख्या ताणाने. अर्धा तास जायचा. दिवसभरात तो जे काही बोलायचा ते त्या अर्ध्या तासात. कुणाच्या विहिरीचं पाणी आटलं, कोण मोटार चालू ठेवून झोपला, धाकट्या भावाने फोन का केला नाही. हाताला काम असलं की त्याची जीभ सुटायची.

मिरजेच्या एका संशोधन केंद्रात डॉ. झरीना मुजावर पायांच्या शिरांवर काम करत होत्या. त्रिशलाला घेऊन भरतेश पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा डॉक्टरांनी भिंतीवर शिरेचं चित्र उमटवलं.

"रक्त पायात उतरतं ते सहज," त्या म्हणाल्या. "पण परत छातीपर्यंत चढवायचं म्हणजे चार फूट वर. त्यासाठी शिरांमध्ये अशा छोट्या झडपा असतात, दोन-दोन पानांच्या. चालताना पोटरी आवळली की रक्त वर जातं आणि झडप मिटते, म्हणजे ते खाली पडत नाही. तासन् तास नुसतं उभं राहिलं की पोटरी आवळत नाही. रक्त साचतं, शीर फुगते, आणि फुगली की झडपेची दोन पानं एकमेकांना पोचतच नाहीत."

"फुटव्हॉल्व गळतोय म्हणा की," भरतेश म्हणाला.

डॉक्टरांना तो शब्द माहीत नव्हता. भरतेशने समजावलं: विहिरीतल्या पाइपच्या तळाला झडप असते, ती गळली की मोटार बंद केल्यावर चढलेलं पाणी पुन्हा विहिरीत उतरतं.

"तेच," डॉक्टर खूश होऊन म्हणाल्या. "आजवर आम्ही काय करत होतो? गळका पाइप जाळून बंद करायचा किंवा काढून टाकायचा. नाहीतर बाहेरून मोजे घालून आवळायचा. मला तो पाइप आतून दुरुस्त करायचाय."

मग त्यांनी वटवाघळाचा पंख दाखवला. उजेडासमोर ताणलेला, पातळ, आणि त्यात केसासारख्या शिरा. त्या शिरा हलत होत्या. हृदयापासून इतक्या लांब, पंखाच्या टोकाला, त्या स्वतःच आकसत होत्या आणि सैल होत होत्या, मिनिटाला दहा-बारा वेळा. रक्त परत ढकलायला वटवाघळाने हृदयावर भरवसा ठेवलेला नव्हता. माणसाच्या शिरेच्या भिंतीतही स्नायूचा थर असतो, पण तो झोपलेला. डॉक्टरांच्या चमूने प्रथिनांचा एक लेप तयार केला होता. बारीक नळीने तो शिरेच्या आतून लावला की दोन महिन्यांत तो थर जागा होई. शीर आकसून मूळच्या मापाची होई, झडपेची पानं पुन्हा भेटत, आणि वर लहरीचं ढकलणं. परवानगी पहिल्या नऊ रुग्णांची होती. त्रिशला चौथी.

लहर सुरू झाली त्यानंतर सात आठवड्यांत जखम भरली. नव्या कातडीचा गुलाबी ठिपका त्रिशला रोज बोटाने चाचपून बघायची. गाठी बसल्या. पहिल्या पाळीहून दुपारी तीनला ती घरी यायची तेव्हा पाय सकाळी होते तेवढेच हलके असायचे.

आणि तिला स्वप्नं पडू लागली. दुपारी आडवी झाली की लहरी श्वासाच्या संगतीने चालायच्या. एका लहरीला एक श्वास. आपण जमिनीवर नाही असं तिला वाटायचं. कधी ती पंचगंगेच्या पाण्यावर उताणी पडलेली असायची आणि काठचे दिवे शेजारून मागे सरकायचे. कधी उसाच्या तुऱ्यांवरून, हात न हलवता, कुठेतरी जात असायची. खाली तिचीच गिरणी दिसायची, छत नसलेली, आणि यंत्रांवरचं सगळं सूत वाऱ्याने उचललेलं. जाग आल्यावरही काही वेळ अंग तरंगतच असे. ही स्वप्नं तिने डॉक्टरांना सांगितली. डॉक्टरांनी ती वहीत लिहून घेतली आणि म्हणाल्या, "नऊपैकी सहा जण हेच सांगतात. का ते मला अजून माहीत नाही, त्रिशलाताई. मेंदूला कदाचित नवं हृदय मिळाल्यासारखं वाटत असेल."

घरात एक बदल झाला. तो दोघांनाही लवकर कळला नाही. जेवण झाल्यावर आता बसायचं कारण उरलं नव्हतं. त्रिशला भांडी घासायची, मग डबे पुसायची, मग परसातल्या अळूला पाणी घालायची. पायच थकत नव्हते, मग कामं संपायची नाहीत. भरतेश काही दिवस कट्ट्यावर बसून राहिला. मग तो दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवू लागला. जेवायला यायचा आणि परत जायचा. दोन महिने झाले तेव्हा त्रिशलाच्या ध्यानात आलं की दीर नवीन घर बांधतोय ही बातमी तिला शेजारणीकडून कळली.

"तुम्ही बोलला नाहीत," ती त्याला म्हणाली.

"कवा बोलू? तू एका जाग्याला असतीस कुठं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुझ्यासंगट बसायचं म्हणजे तू बसायला पायजेस."

तिला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम कट्ट्यावर येऊन बसली. पण मुद्दाम बसलेल्या माणसाशी काय बोलायचं ते भरतेशला सुचेना, आणि पंधरा मिनिटांनी ती उठून गेली.

गिरणीत मात्र तिच्या पायांची चर्चा झाली. व्यवस्थापक नेर्लेकर स्वतः खात्यात आले, तिला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि उपचारांची सगळी माहिती विचारून घेतली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या आईचेही पाय असेच गेले होते. "गिरणीतल्या प्रत्येक बाईला हे मिळालं पाहिजे," ते म्हणाले. त्यांनी खटपट केली, वर्षभरात ते मिळालंही. तोवर उपचाराला सरकारी मंजुरी आली होती. 'रुग्ण, तसेच धोका असलेल्या व्यक्ती' अशा शब्दांत. आणि उभ्याने काम करणारी प्रत्येक बाई म्हणजे धोका असलेली व्यक्तीच.

मालन कोरवीला काहीच झालेलं नव्हतं. एकोणतीस वर्षांची, सडपातळ, खात्यात सगळ्यांत भरभर चालणारी. त्रिशलानेच तिला धागा जोडायला शिकवलं होतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती त्रिशलाशेजारी येऊन टेकली.

"अक्का, मी पण करून घ्यायचं म्हणते. ज्यांच्या पायात लहर हाय त्यांनाच म्हणे आता मुकादमीण करणार."

"तुझ्या पायाला काय धाड भरलीय?"

"काय न्हाई. पण होईल की पुढं. तुम्हाला कसं, पिसागत वाटतंय म्हणता."

त्रिशलाने ते म्हटलं होतं खरं. सगळ्यांना सांगितलं होतं, नदीच्या आणि उसाच्या स्वप्नांसकट. तिने मालनला अडवलं नाही.

पुढच्या सहा महिन्यांत खात्यातल्या बासष्टपैकी पन्नास जणींच्या पायांत लहर सुरू झाली. मग एका सोमवारी यंत्रांच्या टोकाची बाकडी दिसेनाशी झाली. बारा वर्षांपूर्वी अकरा बायकांनी अर्ज केला होता, तासाला दहा मिनिटं बसायला मिळावं म्हणून. पहिली सही त्रिशलाची होती. त्या सहीसाठी तिला तीन महिने रात्रपाळी भोगावी लागली होती. बाकडी आली तेव्हा सगळ्याजणी त्यांच्यावर एकदम बसल्या होत्या, हसत, कोपराने एकमेकींना ढकलत. आता बाकड्यांच्या जागी चार जादा यंत्रं आली आणि पाळी दहा तासांची झाली. कुणी फार तक्रार केली नाही. पाय दुखतच नव्हते. दमट हवेत कापसाचे तंतू तरंगत राहायचे, यंत्रांचा एकसुरी आवाज चालायचा, आणि पन्नास बायका अर्धवट स्वप्नात असल्यासारख्या यंत्रांमधून फिरत राहायच्या. कितीदा तरी त्रिशलाला घड्याळ बघून आश्चर्य वाटे. एवढे तास गेले कुठे, ते तिला आठवत नसे.

मालन मुकादमीण झाली. एखादी आली नाही की तिच्या पाळीतले काही तासही मालनच करायची. एका आठवड्यात तिने सलग चार दिवस चौदा-चौदा तास काढले. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बॉबिनची गाडी ओढताना ती खाली बसली आणि तिला उठता येईना. दोन्ही टाचांच्या हाडांना चिरा गेल्या होत्या, आणि एका पावलातलं लांब हाड मोडलं होतं.

त्रिशला तिला घेऊन मिरजेला गेली. हाडांचे एक्स-रे झरीना मुजावरांनी पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले.

"दुखत नव्हतं काय तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"थोडं ठणकायचं," मालन म्हणाली. "पण पाय जड झाले न्हाईत, मॅडम. पाय जड झाले की बसायचं, एवढंच म्हाईत होतं आम्हाला."

डॉक्टर उठून खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच बोलल्या. "शिरा हाडांच्या आधी कुरकुरतात. सगळ्यांत आधी त्याच सांगतात, पुरे म्हणून. आजारी शिरा बऱ्या करताना मी चांगल्या शिरांचंही तोंड बंद केलं." मग त्या वळल्या. "मंजुरीत ते 'धोका असलेल्या' शब्द आले तेव्हा मला आनंद झाला होता, त्रिशलाताई. जास्त लोकांना मिळेल म्हणून. मी पुढे कोण घेईल याचा विचार केला नाही."

त्यांनी दोघींनाही सांगितलं की लहर पुन्हा झोपवता येते. एक इंजेक्शन, आणि महिनाभरात शिरा पूर्ववत. मालनने ते तिथल्या तिथे घेतलं. त्रिशलाचा मात्र जुना आजार परत आला असता, गाठी आणि जखमेसकट. ती इंजेक्शन न घेताच बसमध्ये बसली. परतीच्या वाटेवर पायातली लहर चढत होती, विरत होती, आणि त्रिशलाला पहिल्यांदाच त्या लहरीची लाज वाटली.

त्या महिन्याच्या अखेरीस शासनाची तिघांची समिती गिरणी बघायला येणार होती. उभ्याने काम करणाऱ्यांच्या विश्रांतीचा नियम लहर असलेल्यांना लागू ठेवायचा की नाही, ते समिती ठरवणार होती. नेर्लेकरांनी त्रिशलाला बोलावलं. राज्यातल्या पहिल्या नऊ रुग्णांतली ती एक, आणि इतकी वर्षं उभं राहिलेली ती एकटीच. तिने सकाळी सातपासून आपल्या यंत्रावर काम करायचं. पायांना पट्टे लावलेले असतील आणि तिच्या शिरांतलं रक्त मोठ्या पडद्यावर दिसत राहील. बोलायची गरज नाही.

"मालनचं कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"कळलं. वाईट झालं. तिने जादा पाळ्या मागून घेतल्या होत्या, मगदूमबाई. मी सक्ती नव्हती केली." ते खरं होतं, आणि तेच त्रिशलाला जास्त सलत होतं.

समिती आली तेव्हा अकरा वाजले होते. चार तास त्रिशला उभी होती. तिच्यामागे पडद्यावर दोन पाय चमकत होते, आणि त्यांतून निळ्या लहरी वर जात होत्या, मिनिटाला अकरा, एकामागून एक, समुद्र शांत असताना येतात तशा. समितीतले दोघे पडद्याकडे बघत राहिले. ते दृश्य खरोखरच सुंदर होतं. तिसऱ्या बाई साठीच्या होत्या. त्या पडद्याकडून वळून तिच्याजवळ आल्या.

"काही त्रास होतोय?"

"पायाला न्हाई," त्रिशला म्हणाली.

बाई थांबून राहिल्या. त्रिशलाने हातातला धागा जोडला, बोटं पदराला पुसली, शेजारचा बॉबिनचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसली. नेर्लेकर पुढे आले.

"मगदूमबाई, अजून पाळी संपली नाही. बरं नाही का वाटत?"

"पाय ठीक हायेत, साहेब. बगा की मागं, चाललंय त्यांचं." पडद्यावर लहरी तशाच वर जात होत्या. "मी दमलेय."

तिचा आवाज यंत्रांमुळे फार लांब गेला नाही, पण जवळपासच्या बायकांनी ऐकला. त्रिशला समितीच्या बाईंकडे वळली आणि तिला जमेल तसं बोलली. तीन वर्षांची जखम भरली, ती डॉक्टरांमुळे, त्यांचे उपकार ती विसरणार नाही. पण पायाला थकवा नाही म्हणून माणसाला नाही असं कुणी ठरवलं? डोळे थकतात. मन थकतं. मग तिने मालनच्या टाचांचं सांगितलं. चौदा तासांचंही. आणि शेवटी असंही म्हणाली की मालनला यात ओढलं ते आपण, आपल्याच गोड गोड वर्णनाने.

पलीकडच्या यंत्रावरची एकजण क्रेट ओढून बसली. मग आणखी दोघी. सगळ्या बसल्या नाहीत. पंधरावीस असतील. बाकीच्या काम करत राहिल्या, कारण धागे तुटत होते.

निर्णय यायला चार महिने लागले. मंजुरीतले 'धोका असलेल्या व्यक्ती' हे शब्द निघाले. उपचार आजाऱ्यांपुरता उरला, आणि बसायची दहा मिनिटं लहर असो-नसो प्रत्येकीला मिळाली. झरीना मुजावरांनी समितीपुढे स्वतःच्याच संशोधनाविरुद्ध साक्ष दिली होती. त्यांचं पुढचं अनुदान अडलं. त्या तीन माणसांनिशी काम करत राहिल्या. दहा तासांची पाळी मात्र तशीच राहिली. नेर्लेकर त्रिशलाशी कामापुरतंच बोलू लागले. मालन काठी टाकून चालू लागली तरी डाव्या पायावर थोडी लचकायची. त्रिशला आठवड्यातून एकदा तिच्या घरी जायची. पहिल्यांदा मालन तिच्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्यांदा तिने चहा केला.

त्रिशलाने लहर ठेवली. बऱ्याच दिवसांच्या विचारांनंतर ठेवली. स्वप्नंही पडत राहिली, पण आता जाग आल्यावर ती थोडा वेळ पडून राही आणि अंगाचा एकेक भाग तपासे. खांदे. कंबर. डोळे. तुम्हाला काय म्हणायचंय, असं विचारल्यासारखं.

थंडीतल्या एका रविवारी ती आणि भरतेश कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर गेले. कित्येक वर्षांत तिला त्या पायऱ्या चढता आल्या नव्हत्या. उजाडत होतं. खाली उसाच्या रानांवर धुकं बसलं होतं आणि साखर कारखान्याचं एकच धुराडं त्यातून वर आलेलं दिसत होतं. पाय आपोआप वर जात होते. प्रत्येक पायरीला अंग हलकं होत होतं. आणखी थोडं, मग धुक्याच्याही वर, असं तिला वाटत होतं. वळणावर तिच्या कानांना काहीतरी कमी असल्याचं जाणवलं. तिने मागे पाहिलं. भरतेश वीसेक पायऱ्या खाली होता. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर.

ती खाली उतरली.

"काय न्हाई," तो म्हणाला. "चढ झेपत न्हाई मला आता."

"कधीपासून?"

"झाली की दोन वरसं."

"सांगितलं नाहीत."

"तू बरी होत हुतीस," तो म्हणाला. "त्यात आणि माझं कुठं."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. पायात लहर चढत होती, आणि तिला बसायची काहीच गरज नव्हती. दगड गार होता. बराच वेळ दोघं खालचं धुकं बघत राहिली. मग भरतेश बोलायला लागला. छातीत कसं भरून येतं, दुकानात मोटार उचलताना कसं अंधारून येतं, डॉक्टरकडे जायची भीती कशी वाटते. मग भावाच्या नव्या घराचं. मग लहानपणी याच पायऱ्यांवर वडिलांच्या खांद्यावर बसून तो आला होता, त्याचं. त्रिशलाने उद्या मिरजेला जायचं असं एकदाच म्हटलं, आणि तो "जाऊ" म्हणाला.

ऊन पायऱ्यांवर आलं. एक म्हातारी बाई सुनेच्या आधाराने चढत आली आणि त्यांच्यापाशी थांबली.

"काय झालंय? बरं न्हाई काय?"

"बरं हाय," त्रिशला म्हणाली. "बसलोय नुसतं."

म्हातारीला धाप लागली होती. त्रिशला नवऱ्याच्या बाजूला सरकली आणि पायरीवरची जागा हाताने झाडून तिला दिली.